पाणी वरच्यांचं की खालच्यांचं? न्यायालय काय करतं, त्याची एक खरी गोष्ट

पावसाळा सुरू झाला की नाशिककरांचा एक ठरलेला प्रश्न असतो. ‘दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं?’ गुडघ्यापर्यंत म्हटलं की लोक छत्र्या घेऊन गंगेवर पूर पाहायला निघतात. (नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात, हे बाहेरगावच्या दोस्तांसाठी सांगून ठेवलेलं बरं.) आणि गळ्यापर्यंत म्हटलं, की सराफ बाजारातले, भांडी बाजारातले दुकानदार घाईघाईनं माल वर चढवायला लागतात.

पण आणखी एक प्रश्न आहे, तो मात्र फारसं कोणी विचारत नाही. मारुतीच्या पायाशी आलेलं हे पाणी पुढे जातं कुठं?

नकाशा काढा आणि बोट ठेवून पाहा. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक ओलांडते, निफाड तालुक्यातल्या चांदोरी, सायखेड्यावरून नांदूरमध्यमेश्वरला येते. तिथून कोपरगाव, पुणतांबा करत प्रवरासंगमाला प्रवरा नदीला भेटते आणि पैठणला एका भल्यामोठ्या जलाशयात शिरते. त्याचं नाव नाथसागर. संत एकनाथांच्या गावचा म्हणून नाथसागर. आपण ज्याला ‘जायकवाडी धरण’ म्हणतो, त्याचाच हा जलाशय.

पूर असतो तेव्हा या पाण्याबद्दल कोणाची तक्रार नसते. खाली जाऊ दे, म्हणतात. पण पाऊस कमी झाला की सगळं चित्र पालटतं. वरच्या धरणांचं पाणी खाली सोडायचं की नाही, यावरून मोर्चे निघतात, धरणावर पोलीस बंदोबस्त लागतो, वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे येतात. आणि शेवटी सगळे एकाच ठिकाणी जातात. कोर्टात!

आज आपण याच वादाची गोष्ट वाचणार आहोत. ‘शासनाच्या तीन शाखा : विधिमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ’ असं नागरिकशास्त्रात आपण पाठ करतो. परीक्षेत दोन गुण मिळतात आणि विसरून जातो. पण या गोष्टीत त्या तिन्ही शाखा आपापलं काम करताना दिसतात, कधीकधी काम टाळतानाही दिसतात!

दोघांचंही खरं

आधी वाद नीट समजून घेऊ.

जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला तेव्हाचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. धरणाला २७ दरवाजे आहेत. धरण काठोकाठ भरलं तर त्यात सुमारे १०२ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं साधारण २६ टीएमसी तळाचं पाणी, म्हणजे मृतसाठा. उरलेलं साडेशहात्तर टीएमसी हा उपयुक्त साठा.

टीएमसी म्हणजे काय? टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, म्हणजेच एक अब्ज घनफूट. लिटरमध्ये सांगायचं तर एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर! नाशिकला पाणी पाजणारं गंगापूर धरण सुमारे साडेपाच टीएमसीचं आहे. म्हणजे जायकवाडीचा उपयुक्त साठाच गंगापूरच्या तेरा-चौदा पट आहे.

आता खालच्या बाजूचं म्हणणं ऐका. छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही शहरं जायकवाडीचं पाणी पितात. २०८ किलोमीटरचा डावा कालवा आणि १३२ किलोमीटरचा उजवा कालवा मराठवाड्यातल्या शेतांना पाणी देतो. मराठवाड्यात पाऊस कमी. ते लोक म्हणतात, ‘धरण बांधलं तेव्हा वरून इतकं पाणी येईल, असा हिशोब केला होता. पण नंतर वरच्या बाजूला मुकणे, वाघाड, पुणेगाव, भावली, काश्यपी अशी एकामागून एक धरणं झाली. आमच्याकडे येणारं पाणी तिथंच अडलं. आम्ही काय रिकाम्या धरणाकडे बघत बसायचं?’

आता वरच्या बाजूचं ऐका. नाशिक शहर आहे, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आहेत. निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागा आहेत. द्राक्षाची बाग एकदा वाळली, तर पुढच्या वर्षी पाऊस पडला म्हणून ती परत येत नाही, पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते. नाशिक जिल्ह्यातही सगळीकडे सारखा पाऊस नाही. इगतपुरी, त्र्यंबकला धो धो, तर सिन्नर आणि येवल्याला लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले. ही मंडळी म्हणतात, ‘धरणं आमच्या जमिनीवर झाली, गावं आमची उठली. नदीतून पाणी सोडलं की वाटेत जिरतं, उडून जातं, मोटारी लावून उपसलं जातं. नाथसागर पसरट आहे, तिथंही बाष्पीभवन फार. मग आमच्या बागा वाळवून पाणी वाया का घालवायचं?’

आहे की नाही पंचाईत? या दोघांत खोटं कोणीच बोलत नाही. खऱ्या-खोट्याचा वाद असता तर तो सोपा होता. इथं दोन खऱ्या गरजा एकमेकींसमोर उभ्या आहेत. मग ठरवायचं कोणी? ज्याचा मोर्चा मोठा त्यानं? ज्याच्या गावचा मंत्री त्यानं? की ज्याच्या हातात धरणाची चावी त्यानं?

नियम करायचा कोणी?

क्रिकेटच्या सामन्यात खेळणारे वेगळे, नियम करणारे वेगळे आणि पंच वेगळे. तिन्ही कामं एकाच माणसाकडे दिली तर काय होईल? गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट असते त्याचं काय चालतं, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे! तो आऊट झाला की म्हणतो, ‘ट्राय बॉल होता!’

देश चालवताना असं होऊ नये म्हणून आपल्या राज्यघटनेनं सत्ता एकाच हातात ठेवली नाही. कायदे करायचं काम संसदेचं आणि राज्यात विधिमंडळाचं. कायद्याप्रमाणे कारभार करायचं काम कार्यकारी मंडळाचं, म्हणजे मुख्यमंत्री, मंत्री, सचिव, जिल्हाधिकारी, पाटबंधारे खातं, पोलीस या सगळ्यांचं. आणि वाद झाला तर कायदा काय सांगतो ते ठरवायचं काम न्यायमंडळाचं. घटनेच्या ५० व्या कलमात तर स्पष्टच म्हटलं आहे, की सरकारी कारभारात न्यायसंस्था ही कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी ठेवण्यासाठी राज्यानं पावलं उचलावीत.

आता आपल्या गोष्टीत पहिलं पाऊल विधिमंडळानं टाकलं. २००५ मध्ये महाराष्ट्रानं एक कायदा केला. नाव लांबलचक आहे : महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम. या कायद्यानं पाण्याच्या वाटपासाठी एक प्राधिकरण, म्हणजे जाणकारांचं एक अधिकृत मंडळ, नेमायचं ठरवलं.

या कायद्यातलं १२ वं कलम आपल्या कामाचं आहे. त्यातली एक छोटीशी तरतूद साध्या भाषेत अशी : टंचाईची झळ सगळ्यांनी सारखी सोसावी, म्हणून दरवर्षी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत वापरता येण्याजोग्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील असं नियंत्रण करावं.

‘टक्केवारी’ हा शब्द नीट पाहा. सारखं पाणी नव्हे, सारखी टक्केवारी! समजा, तुमची पाण्याची बाटली अर्ध्या लिटरची आहे आणि दादाची दोन लिटरची. दोघांच्या बाटल्या निम्म्या भरल्या, तर तुमच्याकडे पाव लिटर आणि दादाकडे एक लिटर पाणी असेल. पाणी वेगवेगळं, पण टक्केवारी सारखी : ५०. एकाची बाटली काठोकाठ आणि दुसऱ्याची कोरडी, असं होऊ नये, एवढाच त्या तरतुदीचा अर्थ.

कायदा झाला, पुढे काय?

कायदा पुस्तकात छापला म्हणजे तो नदीत उतरला असं होत नाही. पावसाची वर्षं चांगली गेली तेव्हा त्या तरतुदीची आठवण कोणाला झाली नाही. मग २०१२ चा पावसाळा कोरडा गेला. जायकवाडीचा उपयुक्त साठा तळाला लागला. वरच्या धरणांत मात्र थोडंफार पाणी होतं. तेव्हा खालच्या बाजूच्या लोकांनी विचारलं, ‘कायदा आहे ना? मग तो पाळत का नाही?’

हा प्रश्न कार्यकारी मंडळाला विचारलेला होता. पण मंत्रिमंडळात दोन्ही बाजूंचे लोक, विधानसभेत दोन्ही बाजूंचे आमदार. पाणी सोडलं तर नाशिक-नगर नाराज, न सोडलं तर मराठवाडा नाराज. अशा वेळी निर्णय पुढे पुढे ढकलण्याकडे कल असतो. घरातही नाही का, दोन भावंडांच्या भांडणात आई म्हणते, ‘बाबा आल्यावर बघू’?

याच काळात सरकारनं नेमलेल्या एका अभ्यासगटानं, त्याला लोक मेंढेगिरी समिती म्हणून ओळखतात, धरणांचा अभ्यास केला. वरच्या धरणांचे गट पाडले : गंगापूर समूह, दारणा समूह, पालखेड समूह, मुळा, प्रवरा. पाऊस किती झाला तर कोणत्या समूहानं किती पाणी ठेवावं आणि किती सोडावं, याचे तक्ते तयार केले.

हा अहवाल समोर ठेवून प्राधिकरणानं १९ सप्टेंबर २०१४ ला आदेश दिला. त्यातला मुख्य मुद्दा लक्षात ठेवायला सोपा आहे. दरवर्षी १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा पाहायचा. पावसाळ्यात वापरलेलं पाणी धरून तो ६५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर वरून पाणी सोडायची गरज नाही. कमी असेल, तर तक्त्याप्रमाणे सोडायचं.

लगेच दुसऱ्याच वर्षी, २०१५ मध्ये, पाऊस पुन्हा कमी झाला आणि परीक्षेची वेळ आली. गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळानं १२.८४ टीएमसी पाणी सोडायचा आदेश काढला. त्यात प्रवरा समूहातून ६.५०, दारणा समूहातून ३.२४, मुळातून १.७४ आणि गंगापूर समूहातून १.३६ टीएमसी. (बेरीज करून पाहा, जुळते!) नाशिकमध्ये आंदोलनं झाली. तो दुष्काळ किती कडक होता, हे पुढच्या उन्हाळ्यात साऱ्या देशानं पाहिलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला चक्क रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. लातूर काही जायकवाडीवर अवलंबून नाही, पण मराठवाड्याचा घसा किती कोरडा पडला होता ते त्यावरून कळतं.

कोर्टाची पायरी

प्राधिकरणाच्या आदेशाविरुद्ध आणि आदेशाच्या बाजूनं अनेक याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. याचिका म्हणजे न्यायालयाकडे केलेला अर्ज. त्यात काही साखर कारखाने होते, शेतकऱ्यांच्या संस्था होत्या.

तुम्ही म्हणाल, चोरी नाही, मारामारी नाही, मग कोर्टात कसे काय गेले? सिनेमातलं कोर्ट पाहून आपल्याला वाटतं, की तिथं फक्त आरोपीचा पिंजरा असतो. पण घटनेच्या २२६ व्या कलमानं उच्च न्यायालयाला एक मोठा अधिकार दिला आहे. सरकारनं, सरकारी अधिकाऱ्यानं किंवा सरकारी मंडळानं कायद्याबाहेर जाऊन काही केलं, किंवा कायद्यानं सांगितलेलं काम केलं नाही, तर नागरिक थेट उच्च न्यायालयात जाऊ शकतो. मूलभूत हक्काचा प्रश्न असेल तर ३२ व्या कलमाप्रमाणे थेट सर्वोच्च न्यायालयातही जाता येतं. म्हणजे सरकारलाही ‘तुम्ही असं का केलंत?’ असं विचारणारं कोणीतरी आहे. आणि सरकारला उत्तर द्यावं लागतं, तेही लेखी, शपथेवर. त्याला म्हणतात शपथपत्र.

आपलं मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये सुरू झालं. नाशिक जिल्ह्यातले दावे मुंबईच्या मुख्य पीठाकडे जातात, तर मराठवाड्यातले आणि अहिल्यानगरचे (पूर्वीचं अहमदनगर) औरंगाबाद खंडपीठाकडे. पण पाण्याच्या या अनेक याचिका मुंबईला एकत्र ऐकल्या गेल्या. एकाच नदीबद्दल एका कोर्टानं एक आणि दुसऱ्या कोर्टानं दुसरंच सांगितलं असतं, तर धरणावरच्या इंजिनिअरनं दरवाजा उघडायचा की बंद करायचा?

न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती ए. ए. सय्यद यांच्या खंडपीठानं सगळ्या बाजू ऐकल्या आणि २३ सप्टेंबर २०१६ ला निकाल दिला. प्राधिकरणाचा समन्यायी पाणीवाटपाचा २०१४ चा आदेश कायम राहिला. समन्यायी हा शब्द छान आहे. सम म्हणजे सारखा, आणि न्यायी म्हणजे न्यायाला धरून.

नदी ही कोणा एकाच्या मालकीची नसते, हा विचार आपल्या न्यायालयांनी आधीच मांडलेला होता. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठावर एका हॉटेलसाठी नदीचा प्रवाहच वळवण्याचा प्रकार झाला होता. त्यावर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नद्या, जंगलं, हवा ही सगळ्या लोकांची ठेव आहे आणि सरकार त्या ठेवीचं मालक नसून विश्वस्त आहे. शेजारी गावाला जाताना घराची किल्ली आपल्याकडे देतात. किल्ली आपल्या हातात असली तरी घर आपलं होत नाही. धरणाच्या चावीचंही तसंच आहे.

कोर्टानं काय केलं नाही?

आता एक गंमत पाहा. न्यायालयानं एवढा मोठा निकाल दिला, पण ‘यंदा इतके टीएमसी पाणी सोडा’ असा आकडा काही काढून दिला नाही. नवा कायदा केला नाही. न्यायमूर्ती धरणावर जाऊन दरवाजे उघडायलाही गेले नाहीत.

का बरं? कारण ती त्यांची कामं नव्हेत. कायदा विधिमंडळानं केला. किती पाणी आणि कधी, हा हिशोब जाणकारांनी केला. दरवाजे पाटबंधारे खात्यानं उघडायचे. वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, नदीकाठच्या मोटारींची वीज तात्पुरती बंद ठेवायची, बंदोबस्त लावायचा, हे सारं जिल्हा प्रशासनाचं आणि पोलिसांचं काम. न्यायालयानं एवढंच तपासलं, की नियम करणाऱ्यांना नियम करायचा अधिकार होता का, नियम कायद्याला धरून आहे का आणि तो पाळला जातो का.

पंचानं षटकार मारायचा नसतो. पण चेंडू सीमेपलीकडे गेला की नाही, ते मात्र त्यानंच सांगायचं असतं.

एवढं बळ येतं कुठून?

न्यायालयाकडे फौज नाही. तिजोरीही नाही. तरी मोठमोठी सरकारं त्याचं ऐकतात. कशी?

एक कारण म्हणजे राज्यघटना. न्यायाधीशांनी कोणाच्या दबावाखाली येऊ नये, याची तिनं तजवीज केली आहे. सरकारच्या मनाविरुद्ध निकाल दिला म्हणून उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला मंत्री काढून टाकू शकत नाहीत. त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं, तेही गैरवर्तन किंवा असमर्थता सिद्ध झाली तरच. नेमणूक झाल्यावर त्यांचं नुकसान होईल असा पगारात बदल करता येत नाही. न्यायाधीश निवडणूकही लढवत नाहीत, त्यामुळे मतांची काळजी नसते.

दुसरं कारण म्हणजे, न्यायालय ‘मी म्हणतो म्हणून’ असं सांगत नाही. निकालपत्रात कारणं लिहावी लागतात. कोणी काय म्हटलं, त्यातलं काय पटलं, काय पटलं नाही, का पटलं नाही, सगळं लिहायचं. ते कोणालाही वाचता येतं. कामकाजही उघड्यावर चालतं.

मग न्यायालय चुकलं तर? तेही शक्य आहे, न्यायाधीशही माणसंच. म्हणून खालच्या कोर्टावर वरचं कोर्ट आहे. कायदाच बदलायला हवा असं वाटलं, तर विधिमंडळ तो बदलू शकतं. मात्र तिथंही एक कुंपण आहे. केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायमूर्तींनी निकाल दिला. सात विरुद्ध सहा अशा बहुमतानं ठरलं, की संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण घटनेचा मूळ गाभा बदलू शकत नाही. आणि निकालावर टीका? खुशाल करावी, लेख लिहावेत, सभा घ्याव्यात. फक्त तो पाळायचा असतो, निदान वरचं कोर्ट बदलेपर्यंत तरी!

चौकट : दहा वर्षांचा खटला

पाण्यावरून कोर्टात गेलेली आणखी एक मोठी गोष्ट महाराष्ट्रात घडली आहे. रायगड जिल्ह्यातल्या महाडचं चवदार तळं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले करावेत, असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडला आणि मुंबईच्या कायदेमंडळानं तो १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनंही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण कागदावरचं पाणी कोणाच्या ओंजळीत आलं नाही.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायलं. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचं ठरलं, तेवढ्यात विरोधकांनी ‘तळं खासगी आहे’ असा दावा लावून कोर्टाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. लोक खवळले होते. पण बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर. त्यांनी हुकूम मानला, तळ्यावरचा सत्याग्रह थांबवला आणि लढाई कोर्टात लढवली. एक कोर्ट, दुसरं कोर्ट असं करत अखेर १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. दहा वर्षं लागली! त्या मधल्या काळातच, २ मार्च १९३० ला, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता.

पुढे याच बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली घटनेचा मसुदा तयार झाला आणि ३२ वं कलम हा तर घटनेचा प्राण आहे, असं त्यांनी मानलं.

वाद संपला का?

नाही संपला. पाऊस काही कोर्टाचा हुकूम मानत नाही! २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये टंचाई आली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ८.६०३ टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला. प्रवरा समूहातून ३.३६, दारणा समूहातून २.६४३, मुळातून २.१० आणि गंगापूर समूहातून ०.५ टीएमसी. पुन्हा आंदोलनं झाली, पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला गेला, पण पाणी थांबवायला न्यायालयानं नकार दिला. नोव्हेंबरमध्ये पाणी सुटलं.

पण एक फरक तुमच्या लक्षात आला का? आधी भांडण होतं, ‘पाणी सोडायचं की नाही?’ आता भांडण असतं, ‘तक्त्याप्रमाणे किती सोडायचं? ६५ टक्के हा आकडा बरोबर आहे का? वाटेत किती पाणी जिरतं?’ पहिलं भांडण जोराचं होतं. दुसरं हिशोबाचं आहे. हिशोबाच्या भांडणात मोजमाप कामाला येतं, आणि वाटेत वाया जाणारं पाणी मोजा, हे नाशिककरांचं म्हणणंही त्यात मांडता येतं. हा आकडा पुन्हा तपासायला सरकारनं २०२३ मध्ये नवा अभ्यासगटही नेमला.

एक गोष्ट मात्र खटकते, ती लपवायचं कारण नाही. कायदा २००५ चा, आदेश २०१४ चा, निकाल २०१६ चा. म्हणजे अकरा वर्षं गेली. मधे २०१२ चा दुष्काळ येऊन गेला. ज्याची मोसंबीची बाग तेव्हा वाळली, त्याला चार वर्षांनी आलेल्या निकालाचा काय उपयोग? न्याय उशिरा मिळाला तर तो पुरता मिळत नाही. आपल्या देशातल्या न्यायालयांत कोट्यवधी खटले पडून आहेत. न्यायाधीश कमी, खटले फार. पण या गोष्टीत उशीर फक्त कोर्टाचा होता का? कायदा असूनही तो आपणहून न पाळणारे, दुष्काळ पडल्यावरच जागे होणारे, यांचाही त्यात वाटा आहे. सगळे आपापलं काम वेळेवर करते, तर कोर्टापर्यंत जायची वेळ इतक्यांदा आली नसती.

करून पाहा

१. येत्या १५ ऑक्टोबरचं वर्तमानपत्र जपून ठेवा. त्यात धरणांच्या साठ्याचा तक्ता असतो. जायकवाडी ६५ टक्क्यांच्या वर आहे की खाली? त्यावरून यंदा वाद होणार की नाही, ते बातमी यायच्या आधीच तुम्ही सांगू शकाल. घरच्यांना सांगून चकित करा!

२. वर्गात पाणी-न्यायालय भरवा. एकानं निफाडचा द्राक्ष बागायतदार व्हावं, एकीनं पैठणची शेतकरी. एक जण संभाजीनगरची गृहिणी, एक जण येवल्याच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी, एक जण पाटबंधारे खात्याचा इंजिनिअर. दोघं न्यायाधीश. अट एकच : न्यायाधीशांनी निकालाबरोबर कारणंही लिहायची. आणि गंमत म्हणजे, नाशिकच्या मुलांनी पैठणची बाजू मांडायची!

३. आई-बाबांना विचारा, आपल्या घरी नळाला येणारं पाणी कोणत्या धरणाचं? त्या धरणाच्या खाली कोणतं गाव आहे? त्या गावच्या मुलांना आपलं सांडपाणी मिळतं की नदीचं पाणी? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला पालकांनाही सोबत घ्या. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच सांगून ठेवलं आहे, की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. दुतोंड्या मारुतीपाशी गोदावरीत प्लॅस्टिकची पिशवी टाकताना कोणी दिसलं, तर त्यांना थांबवायला कोर्टाच्या हुकमाची वाट पाहायची गरज नाही!